एका ग्रंथीवरचा आळ

हा लेख लिहावा की नाही, यात दोन महिने गेले. कारण उघड आहे. इथे माझे ब्लॉगवाले दोस्त येतात तशी माझी मावशीही येते, आणि दोन्ही काका तर न चुकता येतात. त्यांच्यासमोर 'प्रोस्टेट' हा शब्द काढायचा म्हणजे जरा अवघडच. पण रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंती आठवा. 'गुप्तरोग, निराश होऊ नका, आजच भेटा.' पुरुषांच्या कमरेखालच्या दुखण्यावर आपल्याकडे कुणी मोकळेपणाने बोलत असेल तर त्या भिंतीच! घरात कुणी बोलत नाही, मित्रांत बोललं तर चेष्टा होते, आणि मग माणूस भिंतीवरचा पत्ता टिपून घेतो. म्हटलं, आपण इतिहास म्हणून लिहावं. इतिहास म्हटलं की आपल्या घरात काहीही चालतं.

आधी ही ग्रंथी कुठे असते ते सांगतो. मूत्राशयाच्या तोंडाशी, साधारण अक्रोडाएवढी, आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. उतारवयात ती वाढते आणि आजोबांना रात्री चारदा उठावं लागतं, ही तिची ओळख सगळ्यांना असते. तिला कर्करोग होतो, हेही ऐकून माहीत असतं. मी बोलतोय ते तिसऱ्याच दुखण्याबद्दल, क्रॉनिक प्रोस्टेटायटिस, म्हणजे ग्रंथीचा जुनाट दाह. हे म्हातारपणाचं दुखणं नाही. तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसाला होतं. शिवणीत, ओटीपोटात, माकडहाडाशी दुखतं. बसलं की वाढतं, गोट्यावर बसल्यासारखं वाटतं. लघवीला सारखं जावंसं वाटतं आणि जाऊन आल्यावरही समाधान नाही. तीन महिन्यांहून जास्त टिकलं की 'जुनाट' म्हणायचं. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत शंभरात दोन ते दहा पुरुषांना अशी लक्षणं सापडली आहेत. म्हणजे तुमच्या ऑफिसच्या मजल्यावर दोनचार जण तरी खुर्चीत चुळबुळ करत असणार.

त्यातला एक मी होतो. तीन वर्षं. लघवीच्या तपासणीत एकदाही जंतू निघाले नाहीत, आणि तरी चार-चार आठवड्यांचे अँटिबायोटिक्सचे तीन कोर्स झाले. प्रत्येक वेळी पहिले आठ-दहा दिवस बरं वाटायचं, मग पहिले पाढे पंचावन्न. 'जंतू नाहीत, मग औषध जंतूंचं का?' हा प्रश्न मी विचारला तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'असंच देतात.' माणूस काही वाईट नव्हता. पण 'असंच देतात' याच्यामागे काहीतरी इतिहास असतो, आणि माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. मी तो शोधायला लागलो.

व्हेनिसच्या निकोलो मासा या वैद्याने १५३६ साली या ग्रंथीचं वर्णन केलं. नाव मूळ ग्रीक, अर्थ 'पुढे उभा असणारा'. आपल्या परिभाषेत 'पुरःस्थ ग्रंथी' म्हणतात ते त्याचंच भाषांतर. (सुश्रुतात 'वाताष्ठीला' आहे, मूत्राशय आणि गुद यांच्यामध्ये होणारी दगडासारखी घट्ट गाठ, आणि तिने लघवी अडते. अनेकांना ती प्रोस्टेटची वाढ वाटते. वाटू दे. पण त्यावरून 'हे सगळं आपल्याला आधीच माहीत होतं' अशा गप्पा मी इथे मारणार नाही.)

आता या ग्रंथीवर आळ कसा आला ते पाहा. १८७९ मध्ये नायसरने परम्याचा जंतू शोधला. परमा जुना झाला की तो प्रोस्टेटमध्ये जाऊन बसतो, हे तेव्हाच्या डॉक्टरांना दिसत होतं आणि ते बरोबरही होतं. शिवाय एक अगदी साधी गोष्ट. गुदद्वारातून बोट घातलं की त्या सगळ्या भागात ठळकपणे हाताला लागते ती हीच ग्रंथी. जे बोटाला लागतं ते गुन्हेगार! बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यू यंग नावाचा मोठा सर्जन होता. त्याने १९०६ मध्ये शेकडो रोग्यांचा अभ्यास करून या दुखण्यावर मोठा प्रबंध लिहिला. उपचार काय, तर बोटाने ग्रंथीला मालीश करून आतला द्रव बाहेर काढायचा. आठवड्यातून दोनतीनदा, महिनोन्‌महिने. त्याच सुमाराला अशीही एक लाट होती की शरीरात कुठेतरी लपलेला जंतूंचा अड्डा सांधेदुखीपासून वेडापर्यंत सगळं घडवतो. लोकांचे दात उपटले गेले, टॉन्सिल्स काढल्या गेल्या, आणि प्रोस्टेट त्या संशयितांच्या यादीत होतीच.

मालिशीने काहींना खरंच बरं वाटायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९४० च्या दशकात पेनिसिलीन आलं आणि परमा आठवड्याभरात बरा व्हायला लागला. म्हणजे हे दुखणंही संपायला हवं होतं. ते संपलं नाही. चोर पकडला गेला तरी चोऱ्या चालूच! तरी कुणी म्हणेना की चोर वेगळा असेल. म्हणाले, दुसरा जंतू असेल, सापडला नाही इतकंच.

कॅन्सस सिटीच्या जॉर्ज थीलने मात्र १९३७ मध्येच एक वेगळी गोष्ट छापली होती. तो गुदरोगांचा डॉक्टर, त्याच्याकडे माकडहाड दुखणारे रोगी येत. तपासताना त्याच्या लक्षात आलं की हाड ठीक आहे, पण ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे जे स्नायू असतात ते आखडून दोरखंडासारखे झाले आहेत. त्याने गुदद्वारातून त्या स्नायूंना मालीश केली आणि लोक बरे झाले. बसण्याची वाईट पद्धत हे यामागचं एक कारण असल्याचं त्याने पुढे लिहिलं. आता गंमत बघा. यंगचं बोट आणि थीलचं बोट, जागा तीच, अंतर फार तर इंचभर. यंगच्या रोग्यांपैकी ज्यांना बरं वाटलं, त्यांची ग्रंथी मोकळी झाली की शेजारचा स्नायू? हा माझा तर्क आहे, पण मला तो सोडवत नाही. गुदरोगवाले थील वाचत, मूत्ररोगवाले यंग वाचत, आणि दुखणारा माणूस दोघांच्या मधल्या बाकावर बसलेला.

या मधल्या बाकावरचा सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे जॉन केनेडी. हो, अमेरिकेचा अध्यक्ष. त्याची पाठ वाईट होती हे जगाला माहीत होतं. बाकीचं बरंचसं उघड झालं २००२ मध्ये, जेव्हा रॉबर्ट डॅलेक या इतिहासकाराला केनेडीच्या शेवटच्या आठ वर्षांची वैद्यकीय कागदपत्रं पाहायला मिळाली. त्यात काय नव्हतं! ॲडिसनचा आजार, आतड्याचा दाह, मूत्रमार्गाचा वारंवार होणारा संसर्ग, आणि प्रोस्टेटायटिस. मे १९५५ ते ऑक्टोबर १९५७ या काळात तो नऊ वेळा, एकूण ४५ दिवस हॉस्पिटलात होता. हाच तो काळ ज्यात तो उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी धडपडत होता आणि पुढच्या अध्यक्षपदाची तयारी करत होता. लोकांसमोर तो उन्हाने रापलेला, हसरा तरुण. गुप्तरोग हा शब्द व्हाइट हाउसलाही लागू पडतो तर.

पण मला त्यात सर्वांत ओढून घेतलं ते जॅनेट ट्रॅव्हेल या बाईंनी. त्या स्नायूदुखीच्या तज्ज्ञ. स्नायूत बारीक गाठी तयार होतात, त्या दाबल्या की दुखणं भलतीकडेच उमटतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. त्यांना 'ट्रिगर पॉइंट' म्हणतात. मानेत गाठ, दुखतं कपाळ, असा प्रकार. १९५५ पासून त्या केनेडीच्या पाठीत प्रोकेनची इंजेक्शनं देत होत्या. त्याची ती प्रसिद्ध झुलती खुर्चीही त्यांनीच सुचवलेली. १९६१ मध्ये त्या अध्यक्षांच्या पहिल्या महिला डॉक्टर झाल्या. म्हणजे पाहा, एकाच माणसाच्या फायलीत प्रोस्टेटायटिससाठी अँटिबायोटिक्स, आणि त्याच फायलीत स्नायूंच्या गाठींवरची जगातली सर्वांत जाणकार बाई. ही दोन पानं एकमेकांना कधी भेटली नाहीत. केनेडीचं दुखणं स्नायूंचंच होतं असं मी म्हणत नाही, त्याला संसर्गही होत होते. पण पुढे १९९२ मध्ये ट्रॅव्हेल आणि सायमन्स यांच्या मोठ्या ग्रंथाचा दुसरा खंड आला आणि त्यात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर अख्खं प्रकरण आहे. तेव्हा बाई नव्वदीच्या होत्या.

केनेडीच्या गोष्टीला एक शेपूट आहे. इंजेक्शनं वाढत चालली म्हणून १९६१ च्या शेवटी हान्स क्राउस या डॉक्टरला बोलावलं. हा मूळचा ऑस्ट्रियन, नावाजलेला गिर्यारोहक (आपल्या ट्रेकर मंडळींना आवडेल असा). त्याने सांगितलं, सुया बंद, व्यायाम सुरू. आठवड्यातून तीनदा व्हाइट हाउसमध्ये ताण देण्याचे आणि ताकदीचे व्यायाम. पुढच्या काही महिन्यांत पाठ बरीच सुधारली. त्याच वर्षी क्राउसचं एक पुस्तक आलं होतं, त्याचा विषयच मुळी 'हालचाल नसल्याने होणारे आजार' हा होता. १९६१ मध्ये! तेव्हा कॉम्प्युटरसमोर बसणारं कुणी नव्हतं.

तिकडे मूत्ररोगवाल्यांनी १९६८ मध्ये एक फार चांगलं काम केलं. स्टॅनफर्डच्या मियर्स आणि स्टेमी यांनी चार बाटल्यांची चाचणी काढली. पहिली लघवी, मधली लघवी, मालिशीनंतर निघालेला ग्रंथीचा द्रव, आणि त्यानंतरची लघवी. चौघांत कुठे किती जंतू वाढतात ते पाहायचं, म्हणजे जंतू ग्रंथीतले की वाटेतले ते कळतं. पहिल्यांदाच आळाचा पुरावा मागितला गेला. आणि निकाल? शंभरातल्या पाच ते दहा रोग्यांतच खरा जंतुसंसर्ग निघे. बाकीच्यांना १९७८ च्या वर्गीकरणात 'बिनजंतूचा' आणि 'नुसतं दुखणं' असे दोन कप्पे मिळाले. १९७९ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी तर लेखाच्या शीर्षकातच विचारलं, की हा प्रोस्टेटचा दाह आहे की ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा ताण? प्रश्न छापला गेला. औषधाच्या चिठ्ठ्या आहेत तशाच राहिल्या. चार बाटल्यांची कटकट कोण करतो? गोळी लिहिणं सोपं.

१९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांना एकत्र बसवलं आणि दुखण्याचे चार वर्ग केले. सर्वांत मोठ्या वर्गाच्या नावात त्यांनी 'क्रॉनिक पेल्व्हिक पेन सिंड्रोम' हे शब्द घातले, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचं जुनाट दुखणं. ग्रंथीचं नावही राहिलं, पण आता ती एकटी आरोपी नव्हती. १९९९ मध्ये ४३ गुणांची एक प्रश्नावली आली. दुखणं, लघवी आणि त्यामुळे आयुष्यावर होणारा परिणाम, तिन्हीला गुण. 'किती त्रास होतो' याला आकडा मिळाला की प्रयोग करता येतात, आणि मग प्रयोग झाले.

२००३ चा एक अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ४६३ रोगी आणि १२१ निरोगी पुरुष, दोघांच्याही बाटल्या तपासल्या. ग्रंथीत जंतू सापडले रोग्यांपैकी ८ टक्क्यांत. निरोग्यांपैकीही ८ टक्क्यांत! शंभर वर्षं ज्याच्या मागे धावलो तो शेजाऱ्याच्या घरातही तितकाच राहत होता, आणि शेजाऱ्याला काहीच होत नव्हतं. २००४ मध्ये १९६ रोग्यांवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि टॅम्सुलोसिन सहा आठवडे देऊन पाहिलं, खोट्या गोळीहून फरक नाही. २००८ मध्ये २७२ जणांवर अल्फुझोसिन बारा आठवडे, पुन्हा तेच. 'असंच देतात' याचं उत्तर मला इथे मिळालं. जुनी सवय होती, पुरावा नंतर आला, आणि पुरावा सवयीहून हळू चालतो. त्यातच २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या घराण्यातल्या सगळ्या औषधांवर 'स्नायुबंध तुटू शकतो' असा ठळक इशारा छापायला लावला. तेव्हा ही काही चणेफुटाणे नव्हेत.

(मधेच सांगतो, हे वाचून कुणी चालू कोर्स अर्धवट टाकू नका. त्या पाच-दहा टक्क्यांत तुम्ही असाल तर हीच औषधं लागतात, आणि ती ग्रंथीत नीट शिरत नाहीत म्हणून लांबलचक घ्यावी लागतात. तपासणी करून घ्या, एवढंच.)

मग बरं कशाने होतं? आधी शहाणपण आलं ते असं की सगळ्यांचं दुखणं एक नसतं. २००९ च्या सुमारास शोस्केस आणि निकेल यांनी रोग्याला सहा बाजूंनी तपासायची पद्धत मांडली: लघवी, मन, ग्रंथी, संसर्ग, नसा आणि स्नायू. ज्याचं जे दुखतं त्याला ते द्यायचं. स्नायूंची बाजू त्यात पुष्कळांना लागू पडते. २००९ मध्येच एका छोट्या प्रयोगात ४७ रोगी घेतले, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. अर्ध्यांना ओटीपोटाच्या स्नायूंवरची खास फिजिओथेरपी, अर्ध्यांना अंगभर साधी मालीश. पहिल्या गटात ५७ टक्क्यांना बरं वाटलं, दुसऱ्यात २१. थील १९३७ मध्ये जे बोटाने सांगत होता ते ७२ वर्षांनी आकड्यांत आलं. इटलीत २००७ मध्ये १०३ बैठ्या माणसांना अठरा आठवडे व्यायाम दिला, तर नुसते ताण देण्यापेक्षा दम लागेलशा व्यायामाचा जास्त फायदा दिसला. चीनमध्ये २०२१ मध्ये ४४० जणांवर ॲक्युपंक्चरच्या वीस बैठका झाल्या. खऱ्या सुयांनी ६०.६ टक्के सुधारले, खोट्या सुयांनी ३६.८. सुयांचं शास्त्र मला पटत नाही, पण आकडा आहे तो आहे.

माझं म्हणाल तर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, 'तुम्ही खालचे स्नायू चोवीस तास आवळून धरता.' मला ते माहीतच नव्हतं. मी उलट योगवर्गात शिकलेला मूलबंध जोमाने करत होतो! आवळायचे व्यायाम ज्यांचे स्नायू सैल पडले आहेत त्यांच्यासाठी. डॉ. केगेल यांनी १९४८ मध्ये ते सुचवले ते बाळंतपणानंतर लघवी न थांबणाऱ्या बायकांसाठी. माझं उलट होतं, मला सोडायला शिकायचं होतं. पोटाने खोल श्वास घ्यायचा, श्वासाबरोबर तळ खाली सोडायचा, जसा लघवी सुरू होताना सुटतो तसा. रोज वीस मिनिटं. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण दोन महिन्यांत फरक कळायला लागला आणि आठ-नऊ महिन्यांत मी दोन तासांचा सिनेमा बसून पाहिला. कुठला ते सांगत नाही, तो वाईट होता.

परत होऊ नये म्हणून जे करतो त्यात नवल काही नाही. अर्ध्या-पाऊण तासाने खुर्चीतून उठतो. रोज भरभर चालतो. बद्धकोष्ठ होऊ देत नाही, कुंथत नाही. लघवी दाबून धरत नाही. चरकाने न रोखण्याचे तेरा वेग सांगितलेत त्यात ती आहेच, आणि मीटिंग संपायची वाट बघणाऱ्या आपल्या पिढीने ते मनावर घ्यावं. दुखेल असं वाटलं की कोमट पाण्याच्या टबात पंधरा मिनिटं बसतो. निसर्गोपचारवाले याला कटिस्नान म्हणतात. गांधीजींनी लाइपझिगच्या कूनेकडून ते घेतलं आणि पुढे त्यांच्या १९४६ च्या उरुळीकांचनच्या आश्रमातही निसर्गोपचारच होते. कूनेचं पाणी मात्र थंड असायचं, माझं कोमट. मिरची आणि कॉफी काहींना बाधते. मला कॉफी बाधते, मिरची नाही, देव दयाळू आहे.

आणि काय झालं तर थांबायचं नाही, तेही सांगून ठेवतो. थंडी वाजून ताप, लघवी अजिबात न होणं, किंवा लघवीतून रक्त. यातलं काही झालं तर श्वासबिस सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर. तो तीव्र संसर्ग असू शकतो, तिथे अँटिबायोटिक जीव वाचवतं आणि मालीश तर करायचीच नसते.

गेल्या दिवाळीत कोकणातून परतताना गाडीत नऊ तास अडकलो आणि दुसऱ्या दिवशी ते जुनं दुखणं हजर. पूर्वी अशा वेळी मी घाबरायचो, घाबरलं की स्नायू आवळतात, आवळले की दुखतं, दुखलं की आणखी घाबरतो. या वेळी लघवी तपासायला दिली, टब भरला, चालणं चालू ठेवलं. तपासणीत जंतू निघाले नाहीत. अकराव्या दिवशी दुखणं गेलं. त्यानंतर माझ्या चुलतभावाचा फोन आला, त्यालाही 'तसंच काहीतरी' होतंय म्हणून. तो आधी पाच मिनिटं हवापाण्याबद्दल बोलला, मग मीच विचारलं, 'बसताना दुखतं का रे?'